स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजणं थांबवा, ताई

पत्र असं आहे:

"माझे मिस्टर 54 वर्षांचे, राजवाड्याजवळ कापडाचं दुकान आहे आमचं. शुगर निघून आठ वर्षं झाली. आधी एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) 7.2 च्या आसपास असायचं, मागच्या महिन्यात 9.3 आलं. कारण मला माहीत आहे, गोळ्या घेतच नाहीत. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी सकाळ-संध्याकाळ आहे, सकाळी मी हातात देते तर 'दुकानात घेतो' म्हणून खिशात टाकतात आणि शर्ट धुवायला काढला की ती खिशातच सापडते. तपासणीच्या आधी चार-पाच दिवस मात्र अगदी बरोबर घेतात. डॉक्टरांनी शुगर वाढलेली बघून डापाग्लिफ्लोझिनची नवी गोळी वाढवली, बीपी-कोलेस्ट्रॉलची धरून आता दिवसाला पाच होतात. मी स्ट्रिपा मोजते, रोज भांडण. म्हणतात गोळी घेतली की दुपारी हात कापतात, घाम फुटतो, आणि या गोळ्यांनीच किडनी जाते. लग्नात गुलाबजाम उचलला म्हणून मी टोकलं तर दोन दिवस बोलले नाहीत. मित्रांबरोबर सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जायचे तेही बंद, रात्री गच्चीवर एकटे बसतात. आता नवरात्र येतंय, नऊ दिवस उपास आणि गोळ्या पूर्ण बंद, दरवर्षीचंच आहे. मी काय करू? — सुदामा नगर, इंदूर"

ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली, आणि तुम्ही ती बहाण्यांच्या यादीत टाकलीय. गोळी घेतली की दुपारी हात कापतात, घाम फुटतो. हा बहाणा नाहीये हो. लक्षणं ऐकून पहिली शंका येते ती शुगर खाली जाण्याची, आणि ते आठ-दहा वेळा जरी झालं असेल तर तुमचे मिस्टर गोळी खिशात का टाकतात याचं उत्तर तिथंच आहे.

कसं होतं ते सांगते. त्यांच्या गोळीत दोन औषधं आहेत. त्यातलं ग्लिमेपिराइड पॅनक्रियाजला इन्शुलिन सोडायला लावतं, आणि तुम्ही जेवलात की नाही हे बघत बसत नाही, जेवण पोटात असो नसो त्याचं काम चालूच राहतं. आता दुकानदाराचा दिवस बघा. सकाळी आठ-साडेआठला पोहे, वर एखादी जिलेबी, गोळी, मग दुकान, मग गिऱ्हाईक सुटत नाही, लग्नसराई असली तर विचारूच नका, डबा उघडायला तीन-साडेतीन. सकाळच्या पोह्यांनी शुगर भराभर वर गेली आणि भराभर उतरली, आणि गोळी मात्र अजून जोरात आहे. मग एक-दीड वाजता हात थरथरायला लागतात, छाती धडधडते, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, आणि समोर गिऱ्हाईक कापडाचा तागा उलगडायला सांगतंय. माणूस घाबरतो, समोरच्या दुकानातून कचोरी मागवून खातो, थोड्या वेळानं बरं वाटतं, आणि डोक्यात पक्कं बसतं की ही गोळी मला सोसत नाही. त्यांच्या जागी कोणीही असता तरी हेच केलं असतं.

म्हणून पहिलं काम नवरात्राच्याही आधी, याच आठवड्यात. शुगर मोजायचं मशीन घरी असेल तर ते दुकानात ठेवा, नसेल तर घ्या. हात कापले की त्याच मिनिटाला मोजायची, आकडा आणि वेळ कागदावर लिहायची, शेवटचं काय खाल्लं होतं तेही. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम साखर लगेच, म्हणजे तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, 15 मिनिटांनी परत मोजायची, अजून खाली असेल तर परत तेवढंच, आणि वर आली की मग डबा उघडून जेवायचं. कचोरी नाही, कारण तेलातला पदार्थ असला की साखर रक्तात उतरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. मशीन हाताशी नसेल तर मोजायची वाट न बघता साखर घ्यायची. दुकानातल्या पोऱ्याला पण हे सांगून ठेवा, आणि हेही की शेठ बेशुद्ध झाले तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108 ला फोन करायचा. हे लिहिलेलं घेऊन डॉक्टरांकडे जा, तोपर्यंत गोळी आपल्या मनानं बंदही करू नका आणि बेटाइम जेवण पण चालू देऊ नका, दुपारी एकला काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, चणे-फुटाणे का होईना.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्या "तपासणीच्या आधी चार-पाच दिवस बरोबर घेतात" ची. बघा काय होतं. एरवी गोळ्या नाहीत, म्हणून 9.3. एचबीएवनसी गेल्या दोन-तीन महिन्यांचं सरासरी चित्र दाखवतं, कारण लाल रक्तपेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांच्यावर साखर चिकटत जाते, चार दिवसांच्या शहाणपणानं ते बदलत नाही. डॉक्टरांना वाटतं हा माणूस सगळ्या गोळ्या घेतोय तरी 9.3, म्हणजे औषध कमी पडतंय, ते एक वाढवतात. आता पुढच्या तपासणीच्या आधी हे पाचही गोळ्या नियमानं घेतील, डापाग्लिफ्लोझिन एकटी असली तर शुगर फारशी खाली नेत नाही पण ग्लिमेपिराइडच्या जोडीला आली की तो धोका वाढतो, आणि मग दुकानात हात कापण्यावर थांबेल की नाही मी सांगू शकत नाही. डॉक्टर चुकले असं मी म्हणत नाहीये, त्यांना खरी माहितीच मिळाली नाही.

तर डॉक्टरांना खरं सांगायचं. पण ते तुम्ही सांगू नका, म्हणजे "डॉक्टरसाहेब हे गोळ्याच घेत नाहीत" अशी तक्रार केबिनमध्ये बसून करू नका, त्यांचा चेहरा पडेल आणि पुढच्या वेळी ते तुम्हाला सोबतच नेणार नाहीत. त्यांनाच म्हणू द्या की "मला दुपारी असं होतं म्हणून मी बऱ्याचदा सोडतो". हे वाक्य डॉक्टरांच्या फार कामाचं आहे. ग्लिमेपिराइडचा डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, कधी ती काढून सिटाग्लिप्टिनसारखी गोळी देता येते जी एकटी असताना शुगर सहसा खाली पाडत नाही, आणि 2022 मध्ये तिचं पेटंट संपल्यापासून ती बरीच स्वस्त पण झालीय. त्यांना कोणती चालेल ते डॉक्टर ठरवतील, मी फार्मसी शिकलेली बाई आहे, दवाबाजारात काउंटरच्या मागे बराच काळ गेलाय माझा, त्यामुळे प्रिस्क्रिप्शन बदलणं माझं काम नाही, पण बदल होऊ शकतो हे तुम्हाला माहीत असावं. बहुतेक लोकांना वाटतं की लिहून दिलेली गोळी म्हणजे दगडावरची रेघ, घ्या नाहीतर लपवा, तिसरा रस्ताच नाही. तिसरा रस्ता आहे.

आता दुसरं, जे त्यांनी तुम्हाला कदाचित सांगितलंच नसेल. मेटफॉर्मिननं बऱ्याच लोकांचं पोट बिघडतं, गॅस, मुरडा, अचानक घाईची. घरी असलात तर ठीक, पण मार्केटमधल्या दुकानात बसणाऱ्या माणसाला विचारा की टॉयलेट किती लांब आहे आणि कशा अवस्थेत आहे. आणि आता वर डापाग्लिफ्लोझिन, तिचं कामच लघवीवाटे साखर बाहेर काढायचं, म्हणजे लघवीला जास्त वेळा जावं लागणार. त्या साखरेमुळे पुरुषांना पण खालच्या जागी खाज येते, बुरशीचं इन्फेक्शन होतं, आणि हे बायकोला सांगायचीही लाज वाटते तर डॉक्टरांना कुठून सांगणार. काउंटरवर मी बघितलंय, खाजेची ट्यूब हळू आवाजात मागतात आणि शुगरची नवी गोळी गुपचूप बंद करतात, दोन्हीचा संबंध त्यांना माहीतच नसतो. स्वच्छता ठेवली, जागा कोरडी ठेवली, क्रीम लावलं तर बहुतेकांचं बरं होतं, पण कोणी विचारलं तर ना. मेटफॉर्मिनचं पण तसंच, पोटभर जेवणाबरोबर घेतली, डोस हळूहळू वाढवला, किंवा सावकाश विरघळणारी एसआर गोळी घेतली तर त्रास बऱ्यापैकी कमी होतो. आठ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे (चालू होती म्हणायला पाहिजे) तर एकदा बी12 पण तपासून घ्या, लांब काळ घेतली की ते कमी होऊ शकतं आणि मग पायाला मुंग्या येतात आणि सगळे म्हणतात शुगरमुळेच.

किडनीचं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर वेगळं लिहावंसं वाटतं. गोळ्या घेणाऱ्या माणसाची किडनी गेली हे लोक डोळ्यांनी बघतात, म्हणून गोळ्यांनी गेली असं समजतात, पण त्या माणसाची शुगर दहा-पंधरा वर्षं वाढलेली होती हे कोणाला दिसत नाही. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या साखरेनं आणि बीपीनं खराब होतात. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही, किडनी आधीच कमजोर झाली असेल तर तिचा डोस कमी करावा लागतो किंवा बंद करावी लागते, आणि डॉक्टरांनी ती बंद केली की लोक म्हणतात बघा, गोळीमुळेच झालं. आणि गंमत नाही, खरंच सांगते, ज्या नव्या गोळीला ते घाबरताहेत ती डापाग्लिफ्लोझिन किडनी वाचवायला पण दिली जाते, शुगर नसलेल्या किडनीच्या पेशंटला सुद्धा. त्यांना हे नुसतं तोंडानं सांगू नका, पटणार नाही. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन यांची टेस्ट करून घ्या, तसंही वर्षातून एकदा करायलाच पाहिजे, डोळ्याच्या पडद्याची तपासणी पण. स्वतःचा रिपोर्ट हातात आला की भीतीला काहीतरी आकार येतो, आणि नॉर्मल आला तर तो सांभाळायची इच्छा पण होते.

इंग्लंडमध्ये 1977 मध्ये टाइप टू शुगरच्या पेशंटवर एक मोठा अभ्यास सुरू झाला होता, यूकेपीडीएस नावाचा, 1998 मध्ये निकाल आले. एका गटाचं एचबीएवनसी 7.9 आणि दुसऱ्याचं 7.0, एवढासाच फरक, पण डोळे आणि किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान दुसऱ्या गटात 25 टक्के कमी झालं. म्हणजे 9.3 वरून एकदम 6 वर उडी मारायची गरज नाही, 8.2 झालं तरी ते कामाचं आहे. हे त्यांना सांगा, कारण माझा अंदाज आहे की 9.3 बघून ते मनातून हरलेत.

आणि हो, गोळ्या सोडणारे तुमचे मिस्टर एकटे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 मध्येच लिहून ठेवलंय की श्रीमंत देशांत सुद्धा लांब चालणाऱ्या आजारांची औषधं सरासरी निम्मेच लोक नीट घेतात. तिथं पैसा आहे, विमा आहे, सगळं आहे, तरी निम्मे. म्हणजे हा स्वभावाचा दोष नाही. म्हणून "का नाही घेतली" असं विचारू नका, त्या प्रश्नात आधीच आरोप बसलाय. त्याऐवजी एखाद्या रविवारी, ते बरे मूडमध्ये असताना, चहाबरोबर असं विचारा की विसरायला होतं का, की बरं वाटतंय म्हणून राहते, की घेतल्यावर त्रास होतो म्हणून. या तिन्हीला तीन वेगळी उत्तरं आहेत. विसरणाऱ्याला डबी आणि मोबाइलचा अलार्म पुरतो, त्रास होणाऱ्याला अलार्म लावून काय उपयोग, तो अलार्म बंद करेल. आणि उत्तर मिळालं की लगेच उपाय सांगायला सुरुवात करू नका, जरा वेळ फक्त ऐका, हे तुम्हाला अवघड जाईल हे मला माहीत आहे.

आता तुमच्याविषयी थोडं कडक बोलते, राग मानू नका. स्ट्रिपा मोजणं, खिसे बघणं, लग्नात चारचौघांत टोकणं, हे सगळं काळजीपोटी आहे, मला दिसतंय. पण 54 वर्षांचा, स्वतःचं दुकान चालवणारा माणूस पाहुण्यांसमोर लहान मुलासारखा रागावला जातो तेव्हा त्याच्या आयुष्यातून गुलाबजामच नाही, बरंच काही जातं. शुगरच्या लोकांमध्ये डिप्रेशन इतरांपेक्षा साधारण दुप्पट आढळतं, आणि त्याशिवाय एक वेगळाच थकवा असतो, डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात त्याला, की रोज मोजा, रोज टाळा, रोज कोणीतरी ताटात बघतंय, आणि एवढं करून आकडा खराबच येतो. मित्र सोडले, सराफा सोडला, रात्री गच्चीवर एकटे, हे वाचून मला गोळ्यांपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली. डॉक्टरांना हे पण सांगा. झोप कशी आहे, कशातच मन लागत नाही असं आहे का, हे डॉक्टरांनी विचारायला पाहिजे आणि त्यांनी नाही विचारलं तर तुम्ही विषय काढा. कोणत्याही वाकड्या अर्थानं नाही, पण नवरा-बायकोतलं जवळ येणं कमी झालं असेल तर तेही याच हिशोबात येतं, वाढलेल्या शुगरनं पुरुषांमध्ये तो त्रास होतो, बरेच जण त्याचा दोष गोळ्यांना देतात आणि गोळ्या सोडतात, म्हणजे उलटंच होतं.

सराफ्यात त्यांना जाऊ द्या. खरं सांगते, जाऊ द्या, तुम्ही पण जा कधी. घरून जेवून निघा म्हणजे भुकेपोटी चार ठिकाणी खाल्लं जात नाही, एक काहीतरी आवडीचं, दोघांत वाटून, जिलेबी असेल तर एक, थंडीत गराडू (तळलेला कंद) असतील तर अर्धी प्लेट, आणि मग गाडीपर्यंत सरळ न जाता पंधरा मिनिटं पायी फिरा, जेवणानंतरच्या चालण्यानं शुगर खरंच कमी वाढते. इंदूरात राहून आयुष्यभर खाणं बंद हा परहेज कोणाला जमलाय. जे जमणार नाही ते लादलं की माणूस लपून खातो, आणि लपून खाणारा कमी खात नाही.

गोळ्यांची संख्या कमी करता येते का हे नक्की विचारा. पाच गोळ्या तीन वेळा आणि तीन गोळ्या एकाच वेळी यात रोजच्या जगण्यात फार फरक आहे, आणि दिवसातून एकदाच असलेलं औषध लोक जास्त नीट घेतात. दुकानात घ्यायची गोळी दुकानातच ठेवा, गल्ल्यात, जेवणाच्या डब्याबरोबर. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. खर्चाचं ओझं असेल आणि ते बोलत नसतील तर (दुकानदार माणूस घरी मंदीचं बोलत नाही) जनऔषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या मिळतात, डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहून द्यायला सांगा. अर्धीच स्ट्रिप द्या म्हणणारी माणसं मी खूप बघितली, ती सगळी विसरभोळी नव्हती.

राहिलं नवरात्र. उपास करू द्यावा का याचं सरळ हो-नाही मी देणार नाही, पण दरवर्षीसारखा नक्की नको. गोळ्या पूर्ण बंद आणि दिवसभर साबुदाण्याची खिचडी, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू, यात शुगर तीनशेपार जायला वेळ लागत नाही, आणि उलट रिकाम्या पोटी ग्लिमेपिराइड घेतली तर दुपारी तेच हात कापणं. डापाग्लिफ्लोझिनचं आणखी एक आहे, पाणीही कमी पिऊन कडक उपास केला तर शरीरात कीटोन आम्ल वाढू शकतं आणि ते शुगर फार वाढलेली नसताना पण होऊ शकतं, उलट्या, पोटात दुखणं, धाप असं काही झालं तर उपासामुळे झालं असेल म्हणून घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. म्हणून घटस्थापनेच्या निदान आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि त्या नऊ दिवसांचं वेगळं प्रिस्क्रिप्शन मागा, कोणती गोळी किती, कोणती बंद, कोणत्या वेळी. मिस्टरांनी फक्त पहिला आणि शेवटचा दिवस उपास धरायचं कबूल केलं तर फार उत्तम. भगर, दही, काकडी, शेंगदाणे मोजून, राजगिऱ्याची भाकरी, असं दिवसात तीन-चार वेळा थोडं थोडं, पाणी भरपूर. आणि शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की त्या दिवशीचा उपास तिथंच सोडायचा, हे आधीच दोघांनी मिळून ठरवून ठेवा, ऐनवेळी दुकानात फोनवर वाद नको.